आंब्याच्या कोयीपावेतो उजेडाची स्वारी

आदौ विघ्नहर्त्यास वंदन, मग सातपुड्याच्या कुशीत बसलेल्या मनुदेवी आईस वंदन, आणि मग त्या चंचल विद्युद्देवतेस दुरून, रबरी चपला घालोन वंदन, जिचे येणे तिच्या मर्जीचे, जाणे तिच्या मर्जीचे, जिच्या नावे रयत रोज बोटे मोडिते आणि जिच्यावाचून कूलरचे एक पातेही हलत नाही. या तिघांच्या कृपेने कसबे जळगाव, प्रांत खानदेश, येथील पिंप्राळा उपनगरी राजमान्य राजश्री कुंदनराव यांचे परसबागेत उजेडाची जी थोर मोहीम जाली, तीत कोण लढले, कोण पळाले आणि कोणाची शेवभाजी कोणी खाल्ली, ते सारे जैसे घडले तैसे, पदरचे तिखट फार न घालता, येथे लिहिले आहे. थोडे घातले आहे. त्यावाचून खानदेशात घास उतरत नाही.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, वैशाख मास. संवत्सराचे नाव क्रोधी, आणि सूर्यनारायणांनी ते नाव फारच मनावर घेतले. दिवस उगवताच ऊन गच्चीवर, मग ऊन भिंतीत, मग ऊन उशीत. दुपारी नळ सोडावा तो पाण्यात चहापत्ती टाकण्याचाच काय तो अवकाश. स्कूटरची गादी ऐसी तापे की बसलेला स्वार आपोआप उभा राही. आणि रस्ते ऐसे ओस पडत की नवखा पाहुणा म्हणेल, गनीम येऊन कसबा लुटून गेला. रयत दिवसा दारे लावोन कूलरपुढे पडे आणि दिवेलागण जाली की बाहेर येई. दिवस ती रात्र आणि संध्याकाळ तो दिवस, ऐसा त्या मुलुखाचा उन्हाळी कायदा.

ऐशा काळी कुंदनराव, हुद्द्याने ठिबक-नळ्यांच्या एका दुकानाचे कारभारी, आपल्या नव्या घरी सुखाने नांदत होते. त्यांच्या मातुश्री बेबाबाई, यावलच्या केळीवाल्यांची लेक. त्यांचा शब्द स्वैपाकाच्या ओट्यापासून कंपाउंडच्या भिंतीपावेतो चाले. घरामागील बाग त्यांचीच जहागीर. माहेराहून आणिलेली केळीची खोडे, एक पपई, कढीपत्ता, मोगऱ्याचा ताटवा, मधोमध तुळस, आणि वायव्येस भिंतीखाली एक बोडका कोपरा, ज्यात काही उगवत नसे, सबब त्याकडे कोणी पाहत नसे.

कुंदनरावांच्या पत्नी कामिनीबाई. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या, आणि त्या विद्येचा घरी उपयोग इतकाच की काय प्यायल्याने काय होते ते त्यांस सविस्तर ठाऊक. त्यांचे दोन डोळे लोकांस दिसत. बाकीचे डोळे दाराच्या कडीवर, भिंतीतल्या सॉकेटवर, टाकीच्या झाकणावर आणि युवराज्ञीच्या तोंडातल्या घासावर नेमलेले असत. युवराज्ञी म्हणजे कन्यारत्न दिपमाला, वय वर्षे चार, त्रिपुरी पौर्णिमेस जन्मली म्हणोन ऐसे नाव. नावात दिवेच दिवे, आणि पायाखाली मात्र अंधार आला तो असा.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण जाला. त्या दिवसाआधी आंबा तोंडास लावावयाचा नाही, ऐसा बेबाबाईंचा कडक दंडक, सबब त्या दिवशी आमरसावर जी झुंबड पडली ती वर्णवत नाही. पंगत उठल्यावर युवराज्ञीने एक कोय मुठीत धरिली, कोपरापावेतो रस ओघळत बागेत गेली, आणि त्या बोडक्या कोपऱ्यात चमच्याने खणोन कोय पुरिली, वरून माती थापटिली, आणि जाहीर केले की येथे आता आंबा येईल आणि तो कोणी विचारल्याशिवाय खायचा नाही.

दुसरे दिवशी संध्याकाळी कामिनीबाईंनी पायरीजवळची कुंडी सरकविली आणि खाली विंचू निघाला. विंचू एक, लहान, आणि कामिनीबाईंस पाहोन तोही घाबरला. कुंदनरावांनी चपलेने त्याचा निकाल लाविला. परंतु त्या एका विंचवाचा कामिनीबाईंच्या मनात जो वंश वाढला, तो बागेत कधीही नव्हता. पायरीखाली विंचू, पाईपात विंचू, पाचोळ्यात विंचवाची लेकरे. आणि मग त्यांनी हुकूम काढिला की दिवेलागणीनंतर जाळीचे दार बंद, युवराज्ञीचे पाऊल मातीस लागणार नाही. सकाळी न्यावे तर रात्रीच्या उकाड्याने पहाटेस डोळा लागलेली पोर ऊन चढेतो उठत नसे, आणि उठे तो फरशीचा तवा जालेला असे. ऐशा रीतीने दिवस सूर्याने जिंकिला, संध्याकाळ विंचवाने जिंकिली, आणि पोरीच्या वाट्यास चार भिंती राहिल्या.

मग रोज सांजेस युवराज्ञी जाळीस नाक लावोन उभी राही आणि अर्ज करी, “मम्मी, माझी कोय उगवली का?”

कामिनीबाई पायरीवरून मोबाइलची बॅटरी मारीत. तो उजेड पपईपावेतो जाई आणि दमोन बसे. मग त्या म्हणत, उगवेल. पोर म्हणे, जाऊन बघून सांग ना. त्या म्हणत, उद्या. ऐसे उद्यांवर उद्या चढोन ढीग जाला. आणि एके सांजेस युवराज्ञी जाळीशी आलीच नाही. सोफ्यावर पडोन, डोळे न वळविता म्हणाली, “मम्मी, मोबाइल दे.” कोयीचे नाव नाही. त्या रात्री कामिनीबाईंस विंचवाहून मोठे भय वाटले, आणि त्या भयापोटी ही मोहीम जन्मास आली.

दुसरे दिवशी जेवणाच्या पाटावर मसलत बसली. कामिनीबाईंनी अर्ज गुदरिला की बागेत दिवे लावावे, म्हणजे वाट दिसेल, वाटेवरचे दिसेल, आणि पोर कोपऱ्यापावेतो जाऊन येईल. बेबाबाईंनी भाकरी परतता परतता तो अर्ज तव्यावरच भाजिला.

“दिवे लागले का आपण झाडाले हात लावत नाही,” त्या बोलिल्या. “झोपतात ते. तुह्या तोंडावर रातभर कोणी बॅटरी धरली, त तुले झोप येईन का व?”

कामिनीबाई म्हणाल्या की आई, झाडे तशी झोपत नाहीत, प्रकाशसंश्लेषण म्हणोन एक क्रिया असते. तो शब्द अर्ध्यात आला आणि बेबाबाईंनी फर्माविले, “ते कॉलेजात करजो. अथी मोगरा झोपतो.”

कुंदनराव दोन्ही गाद्यांस एकाच मानेने मुजरा करीत आले होते. त्यांनी मान आईकडे हलविली, मग बायकोकडे हलविली, आणि या हलविण्यास दोघींनी आपापल्या बाजूचा रुकार समजोन घेतले. मग त्यांनी तडजोड काढिली की दिवे लावोन पाहू, झाडे जागी जाली तर काढू. आणि मोहिमेचे सेनापतिपद कोणी दिले नसता आपणच घेतले.

पहिली फौज आली ती पार्सलातून. सूर्यावर चालणारे, मातीत खोचावयाचे दिवे. ना वायर, ना करंटाचे भय, सबब कामिनीबाईंची त्यांवर बहुत मर्जी. कुंदनराव बोलिले की सूर्य तर आपल्याकडे रगड. परंतु दिवसभर वैशाखाचे ऊन पिऊन सांजेस पाहतात तो दिव्यांच्या दांड्या वाकोन चकल्या जाल्या, टोप्या वितळोन खाली आल्या, आणि सारी पलटण मान घालोन ऐसी उभी की जैसे कोणी रागे भरले. सूर्यावर चालणारे दिवे सूर्यानेच मारिले.

त्याउपरी कुंदनरावांनी विचार केला की लहान लहान शिपाई उपयोगाचे नाहीत, आता एकच थोर वीर आणावा. आणि ते बाजारात जाऊन फोकस घेऊन आले. फोकस ऐसा की लग्नाच्या लॉनवर अथवा टेनिस बॉलच्या सामन्यास लागतो तो. वायरमन भटूभाऊ उद्या येतो म्हणाले, आणि त्यांचा उद्या ठाऊक असल्याने कुंदनरावांनी तो आपल्याच हाते गच्चीच्या कठड्यास बांधिला, आणि दिवेलागण होताच बटण दाबिले.

काय तो उजेड वर्णावा! केळीचे पान मागून पुढून दिसो लागले. तुळशीची सावली भिंतीवर वडाएवढी पडली. मोगरा भेदरोन पांढरा जाला. बेबाबाई डोळ्यांवर पदर ओढोन म्हणाल्या, “व माय, हे कोणाचं ऑपरेशन करू राह्यले?” कामिनीबाईंनी पोरीचे बोट धरोन पायरी उतरली आणि दोन पावलांवर थांबल्या, कारण डोळ्यांवर झोत पडल्याने पायांखालचे काहीच दिसेना. उजेड बहुत, परंतु तो सारा तोंडावर. माती जैशी काळी होती तैशी काळी.

इतक्यात शेजारच्या गच्चीवरून आवाज आला. उन्हाळ्यात पिंप्राळा सारा गच्चीवर झोपतो, हे कुंदनराव जन्मापासून जाणत होते आणि नेमके तेवढेच विसरले. शेजारचे जीवरामनाना, अमळनेरकडील वयोवृद्ध गृहस्थ, जेवोन लवकर आडवे जालेले, ते गादीवर उठोन बसले, तोंडावर उशी आडवी धरिली, आणि अहिराणीत विचारते जाले, “कुंदनभाऊ, मॅच सुरू व्हयनी का? टॉस कोनी जिंका?”

कुंदनराव बोलिले, “नाना, बागेसाठी लावलाय.”

“मंग बागले सांग, मना तोंडवर ऊन पडी राह्यनं. दिनभर पडनं ते कमी व्हतं का?”

इतके होईतो दुसरा गनीम चालोन आला. पंचक्रोशीतील यावत् किडे, पाकोळ्या आणि ज्यांस नावे नाहीत ऐसे कोटि जीव त्या फोकसावर तुटोन पडले. मग किड्यांमागे भिंतीवर पाली आल्या. मग पालींखाली जे किडे पडत, त्यांवर एक जाडा बेडूक येऊन बसला, ऐसा निवांत की जैसे त्यास आमंत्रण होते. कामिनीबाई हे सारे मोजत होत्या. आणि बेबाबाईंनी पायरीवरून एकच प्रश्न टाकिला, “आता बेडकाच्या मागं कोण येतं, ते तुमच्या पुस्तकात हाये नं?”

पुस्तकात होते. अन्नसाखळी, सचित्र. कामिनीबाईंनी जिना चढोन स्वहस्ते पीन उपटिली, युवराज्ञीस उचलोन आत नेले, जाळी लाविली, आणि दाराच्या फटीस पायपुसणे कोंबिले. येणेप्रमाणे पहिली मोठी शिकस्त जाली.

परंतु सेनापती हार खाईल तर तो कुंदनराव कसला. त्यांनी नवी मसलत काढिली की एक थोर दिवा नको, हजार चिमुकले आणू, शोभाही होईल. आणि रविवारी त्यांनी हिरव्या दिव्यांच्या माळा आणिल्या, आणि केळीच्या खोडांस बुंध्यापासून मानेपावेतो गुंडाळिल्या, पपईस गुंडाळिल्या, वरती पिवळ्या बल्बांची झालर ताणिली, खाली प्लास्टिकच्या लाल खुर्च्या मांडिल्या, आणि मग सांजेस बटण दाबोन सारे घर बाहेर बोलाविले.

शोभा जाली, खोटे बोलवत नाही. खुद्द बेबाबाई बोलिल्या की केळी नवरीसारखी दिसते, जरी नवरीस रात्री झोपू द्यावे हा त्यांचा मुद्दा कायम होता. जीवरामनानांस झोप लागली. युवराज्ञी खुर्च्यांपावेतो धावली आणि तेथेच थबकली. कारण हिरवा उजेड जेथे संपे, तेथून पुढला अंधार पूर्वीहून दुप्पट काळा दिसे, आणि कोयीचा कोपरा त्या अंधाराच्या पोटात होता. तिने आईच्या ओढणीचा काठ धरिला आणि म्हणाली, “तिकडे नाही ना केलं.” कामिनीबाईंनी ते ऐकिले आणि काळजात नोंदविले.

आता येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. हरएक मुलुखाची आपली निशाणे असतात. भगवे निशाण दिसले की देऊळ, लाल दिवा दिसला की दवाखाना, आणि खानदेशात झाडास हिरव्या माळा गुंडाळोन खाली लाल खुर्च्या मांडिल्या, तर त्याचा अर्थ लेकरूही जाणते: येथे फॅमिली गार्डन आहे, येथे शेवभाजी मिळेल. कुंदनराव स्वतः ऐशा झाडांखाली बसोन वाट्याच्या वाट्या रिचवीत आलेले. परंतु आपलेच झाड, सबब ध्यानी आले नाही.

मंगळवारी दिवेलागणीस बागेच्या मागल्या रस्त्यावरील फाटकाशी एक जीप थांबली. धरणगावचे छगनआप्पा, लग्नाचा बस्ता बांधोन, दिवसभर साड्यांच्या दुकानात मांडी घालोन थकलेले, सहकुटुंब सहपरिवार गावी निघाले होते. त्यांनी हिरवी केळ पाहिली, लाल खुर्ची पाहिली, मनोमन देवाचे आभार मानिले, आणि फाटक लोटोन सारी वऱ्हाडी फौज आत शिरली. खुर्च्या भरल्या. उरले ते तुळशीच्या कट्ट्यावर टेकले. आप्पांच्या पत्नी तानुअक्का यांनी चपला काढिल्या, पाय पुढे पसरिले, आणि हाक मारिली, “भाऊ, आठे पंखा नही शे का?”

कुंदनराव दारात दाढीस साबण लावलेले उभे. आप्पा साऱ्या फौजेवरून हात फिरवोन त्यांस म्हणाले, “बठ्ठासले शेवभाजी आन. तिखी आन. आनी पहिले थंड पानी आन, जीव चालना.”

कुंदनराव बोलो लागले की आप्पा, हे हॉटेल नव्हे, हे घर आहे. तोंडावर साबण असल्याने अर्धे फेसात गेले, आणि आप्पांनी जे ऐकिले त्यातून इतकेच घेतले की घरचे जेवण आहे. ते म्हणाले, “मंग तं भारीच शे!”

कामिनीबाई पोरीस पाठीशी घालोन, जाळीच्या आत, डोळ्यांनी एकेक परके तोंड तपाशीत उभ्या होत्या, आणि मोबाइलात कोणाचा नंबर लावावा हे ठरवीत होत्या. तेवढ्यात त्यांच्या बाजूने बेबाबाई पाण्याची कळशी घेऊन बाहेर पडल्या. कामिनीबाईंनी खूण केली की आई, कोण लोक आहेत ठाऊक नाही. बेबाबाई खालच्या आवाजात बोलिल्या, “कोणी का असना. खुर्चीवर बसलेल्या माणसाले उपाशी उठवतं का कोणी? शेव काढ डब्यातली. लसूण सोल.”

आणि मग जे जाले ते जाले. कामिनीबाईंनी लसूण सोलिला, एक डोळा पाकळ्यांवर आणि एक बागेवर. कुंदनरावांनी तोंड धुवोन भाकरीच्या टोपल्या वाहिल्या. बेबाबाईंनी काळ्या मसाल्याचा ऐसा रस्सा केला की वाफेनेच छगनआप्पांच्या नाकास धारा लागल्या आणि ते रडत रडत आणखी मागते जाले. जेवण होईतो खरी हकीकत उघड जाली. तानुअक्कांनी कपाळ बडविले, आप्पांस सर्वांदेखत म्हणाल्या, “तुमले पोट दिसनं का डोया बंद व्हतस!” आणि मग बस्त्यातील एक ब्लाउजपीस काढोन बेबाबाईंची ओटी भरिली, आणि उभयतां पक्षी हसोन हसोन पुरेवाट जाली.

येथवर सारे गोमटे. परंतु आप्पा उपकार विसरणारे नव्हते. त्यांनी जीपमध्ये बसता बसता मोबाइल काढिला आणि नकाशावर त्या जागेचे नाव लिहिले, बेबाबाई फॅमिली गार्डन, आणि पाच तारे बहाल केले, आणि खाली लिहिले, शेवभाजी एक नंबर, पंखा नही.

दुसरे दिवशी दोन मोटारसायकली आल्या, पार्सल मिळेल का पुसत. तिसरे दिवशी एक भिशीचे मंडळ आले आणि वाढदिवसाचा केक घेऊनच आले. कुंदनराव फाटकात हात जोडोन उभे. आणि या धामधुमीत बेबाबाईंनी वाण्याकडून जादा शेव आणवून ठेविली होती, ही गोष्टही उजेडात आली. त्या बोलिल्या, “घरात असावी. काबरं, वाईट हाये का?”

त्या सांजेस कामिनीबाईंनी केळीच्या माळा उतरविल्या, खुर्च्या एकावर एक चढवोन गच्चीवर टाकिल्या, सेनापतींस खलित्यावाचून बडतर्फ केले, आणि मोहीम आपल्या हाती घेतली. कारण इतके रण माजले, इतके लोक बागेत आले आणि गेले, आणि जिच्यासाठी हे सारे आरंभिले, ती पोर आत सोफ्यावर मोबाइलच्या निळ्या उजेडात तैशीच पडली होती.

कामिनीबाईंनी प्रथम काहीच विकत आणिले नाही. त्या पायरीवर बसल्या आणि पाहू लागल्या, जे त्यांस सर्वांहून चांगले येत असे. त्यांनी बॅटरी डोक्याशी धरोन मातीवर मारिली. तो माती सपाट, खडा कोणता आणि ढेकूळ कोणते ते कळेना. मग बॅटरी घोट्याशी, जमिनीलगत धरिली. तो एकेक खड्याची सावली लांब पडली, एक मुंगळा चालला होता तो सावलीने उंदराएवढा दिसला. कामिनीबाईंच्या ध्यानी आले की वरचा दिवा बागेस मिरवितो आणि खालचा दिवा चुगली करितो; आणि आपणांस चुगलीखोर दिवा पाहिजे.

मग त्या बेबाबाईंकडे गेल्या. अर्ज घेऊन नव्हे, तहाचा मसुदा घेऊन गेल्या. म्हणाल्या की आई, झाडांवर दिवा नको. मातीवर हवा, वाटेपुरता. बेबाबाईंनी विचारिले की मोगऱ्याचे काय. कामिनीबाई म्हणाल्या, मोगऱ्याकडे पाठ. बेबाबाईंनी विचारिले, किती वेळ. कामिनीबाई म्हणाल्या, दिवेलागणीपासून ताटे वाढेतो. ताट पडले की दिवा मालवला, मग झाडांनी खुशाल झोपावे. बेबाबाई उठोन जिन्याखालच्या अडगळीत शिरल्या, आणि तेथून चिरा गेलेले, कड फुटलेले पाण्याचे जुने माठ बाहेर काढिले, जे टाकोन द्या म्हणोन कुंदनराव हरएक दिवाळीस विनवीत आणि त्या हरएक दिवाळीस नकार देत.

“फुटका माठ पाणी सोडतो,” त्या बोलिल्या, “उजेड काबरं नाही सोडणार?”

तह जाला. माठ पालथे करोन पायरीपासून कोयीच्या कोपऱ्यापावेतो वाटेच्या कडेने बसविले, फुटकी बाजू वाटेकडे, पाठ झाडांकडे. आत मिणमिणते पिवळे दिवे, बारीक करंटावरचे, ज्यास हात लागला तरी झिणझिणीही येऊ नये ऐसे. ते कामिनीबाईंनी तीन दुकानदारांस छळोन, प्रत्येकास तोच प्रश्न फिरवोन विचारोन मिळविले. वायर नळीत घालोन मातीखाली पुरिली. बटण आत, उंचावर. पाचोळा झाडिला, कुंड्या वाटेपासून दूर सरकविल्या. आणि प्रत्येक माठाचे तोंड बेबाबाईंनी जातीने वळवोन पाहिले की मोगऱ्यास कवडसा लागत तर नाही.

मग मोहिमेची सांज आली. दिवे लागले. काय आश्चर्य की बाग दिसेना, वाट तेवढी दिसो लागली. मातीवर उजेडाचे तुकडे, भाकरीच्या चतकोरांसारखे, एकापुढे एक पडलेले, आणि केळी वर अंधारात आपली पाने हलवीत सुखे उभी. किडे आले ते चार-दोन, तेही लगेच कंटाळले.

कामिनीबाईंनी आत जाऊन युवराज्ञीच्या हातातून मोबाइल घेतला नाही. इतकेच म्हणाल्या, “दिपू, कोयीपर्यंत रस्ता झालाय. बघतेस?”

पोर जाळीशी आली. तिने पाहिले. पहिल्या चतकोरावर पाय ठेविला, मग दुसऱ्यावर उडी. कामिनीबाई पायरीवर उभ्या. पाठोपाठ जावे की न जावे, ऐसा थोर पेच, आणि पोर मागे न पाहता म्हणाली, “तू तिथेच थांब, मी सांगते उगवली का ते.” सबब त्या खांब धरोन थांबल्या. पोर तुळस ओलांडोन गेली, पपई ओलांडोन गेली, शेवटल्या माठाशी पोचली, आणि मातीत खाली बसली.

आणि लाईट गेली.

त्या थोर विद्युद्देवतेने, आरंभी वंदन करोनही, ऐन वेळी पाठ फिरविली. माठ विझले, घर विझले, सारा पिंप्राळा एका फुंकेने विझला. इन्व्हर्टरची जहागीर आतल्या पंख्यापुरती. बागेवर त्याचा अंमल नाही. कुंदनराव आत बॅटरी शोधो लागले आणि टीपॉयवर आपटले. कामिनीबाईंचा आवाज फुटला तो ऐसा की तिसऱ्या गल्लीत कुत्री उठली.

“दिपू! हलू नको! दिपू!”

अंधारातून उत्तर आले, दबक्या आवाजात, रागे भरल्यासारखे. “मम्मी, ओरडू नको ना. झाडं झोपलीत.” आणि लगोलग, “मम्मी, इथे काहीतरी आहे. बोटाला मऊ मऊ टोचतंय.”

त्यापुढे कामिनीबाईंनी काय विचार केला हे लिहिता येत नाही, कारण विचार केलाच नाही. पायरी उतरली की उडी मारिली, तेही कोणी पाहिले नाही. चपला पायरीवरच राहिल्या. ज्या मातीत त्या विंचवापासून त्यांनी अंधारात पाऊल टाकिले नव्हते, ती माती त्यांनी अनवाणी, काळ्याकुट्ट अंधारात, एका श्वासात तुडविली. एक माठ लाथेने उडाला, ओढणी पपईस अडकोन तेथेच राहिली. आणि त्या कोपऱ्यात गुडघ्यांवर पडल्या, पोरीचा हात चाचपडोन पकडिला, आणि त्या चिमुकल्या बोटाखाली जे टोचत होते, त्यावर आपले बोट ठेविले.

ते हलले नाही. त्यास नांगी नव्हती. ते ताठ होते, ओलसर होते, आणि टोकास दोन पाने मिटोन हात जोडल्यासारखी होती.

“विचारल्याशिवाय खायचा नाही,” युवराज्ञीने बजाविले.

लाईट आली. सारे जेथल्या तेथे उजेडात सापडले. कामिनीबाई मातीत फतकल मारोन, केस सुटलेले, एका हाताने लेक आणि एका हाताने तांबूस कोंब धरोन, हसतात की रडतात ते त्यांसही न कळलेल्या. कुंदनराव दारात, हाती अखेर सापडलेली बॅटरी, आता पेटवोन. बेबाबाई पायरीवर कमरेवर हात ठेवोन बोलिल्या, “उठवलं नं शेवटी झाडाले!” आणि शेजारच्या गच्चीवर जीवरामनाना उशी बाजूस सारोन, कठड्यावरून वाकोन विचारते जाले, “कुंदनभाऊ, इतली बोंब! कोनी जिंका?”

तो प्रश्न रास्त, आणि त्याचे उत्तर दप्तरी लिहिणे भाग. उजेड जिंकला म्हणावा, तर ऐन लढाईत तोच रण सोडोन पळाला. मातुश्री बेबाबाई जिंकल्या म्हणाव्या, तर झाड जागे. कुंदनराव जिंकले म्हणावे, तर ते खुद्द कुंदनरावही म्हणत नाहीत. विंचू अखेरपावेतो मैदानात उतरलाच नाही. सबब पुरता विचार करोन लिहिले जाते की क्रोधी संवत्सरी, वैशाख मासी, पिंप्राळ्याच्या रणी कोयीची फत्ते जाली, आणि कामिनीबाई अनवाणी तिच्या भेटीस गेल्या.

तहाची कलमे उभयपक्षी आजवर पाळिली जातात. जाळीचे दार ताटे वाढेतो उघडे असते. कामिनीबाई पायरीवर बसतात, घोट्यांच्या उंचीवरून वाट न्याहाळितात, चपला मात्र पायात घालोन. बेबाबाई फॅमिली गार्डन नकाशावरून पुसले, तरी अधूनमधून एखादी मोटारसायकल फाटकाशी रेंगाळते, आणि शेव डब्यात असतेच.

आणि अशा थोर हकीकतीस शिक्कामोर्तब पाहिजे, तेही जाले. त्या सांजेस आत येताना युवराज्ञीने मातीने भरलेला पंजा दाराबाहेरील, दिवाळीस नव्याने रंगविलेल्या भिंतीवर पाचही बोटांनिशी दाबिला. कुंदनराव ओले फडके घेऊन आले. कामिनीबाईंनी फडके काढोन घेतले, बागेत परत गेल्या, लाथेने उडालेला माठ दिव्यासकट उचलिला, आणि त्याचे फुटके तोंड त्या पंजाकडे वळवोन बसविला.